बडोद्यातल्या माझ्या काकांच्या लिव्हरची गाठ मायक्रोवेव्हने जाळताना आधी जेल टोचलं तर फायदा होतो का?

होऊ शकतो, पण तुमच्या काकांना बडोद्यात ते लगेच मिळेल असं धरून चालू नका, बरंचसं काम अजून प्रयोगातच आहे. मी इथे रेडिओलॉजीत टेक्निशियन, अशा केसेसला उभा असतो. खरी डोकेदुखी म्हणजे गाठीला चिकटून मोठी रक्तवाहिनी असली की वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं, गाठीत घातलेल्या मायक्रोवेव्हच्या सुईपाशी तापमान 60 डिग्रीच्या वर जाऊन पेशी लगेच मरतात पण रक्तवाहिनीकडची कड कच्ची राहते नि गाठ तिथूनच परत येते. काही जेल थंड असताना पातळ, अंगाच्या गरमीने घट्ट होऊन तिथेच बसतात, मग त्यातले क्षार मायक्रोवेव्ह जास्त शोषतात नि उष्णता कडेपर्यंत पोचते. गाठ 3 सेंमीच्या आत नि रक्तवाहिनीपासून लांब असेल तर नुसत्या सुईनेही बहुतेकदा भागतं, ते आधी डॉक्टरांना विचारा.