भाड्याची लाइन: दोन वर्षांचं बोलणं नको, आधी सहा फेऱ्या

प्रश्न: मी घरांच्या काचा बाहेरून धुण्याचं काम करतो. चार आठवड्यांतले माझे १४ दिवस भरलेले असतात, ६ रिकामे जातात. याच धंद्यातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा गुडघा गेलाय. त्यांची १२० घरांची, पाच दिवसांची लाइन, म्हणजे दर चार आठवड्यांनी एक फेरी होते त्या ठरलेल्या गिऱ्हाइकांची यादी, ते मला दोन वर्षांसाठी भाड्याने द्यायला तयार आहेत. भाडं म्हणून दर फेरीला यादीवरच्या एकूण रकमेच्या ३० टक्के मागतात. विकत हवी असेल तर पाच फेऱ्यांची रक्कम सांगतात. माझ्याकडे पाच महिन्यांच्या घरखर्चाएवढी बचत आहे. ओळख जुनी, त्यामुळे कागद करायचा संकोच वाटतो. लाइन घेऊ का?

उत्तर: तुमच्या प्रश्नात भाडं आहे आणि विकतची किंमतही आहे, पण दोन्ही आकडे तुम्ही शेजारी ठेवून पाहिलेले दिसत नाहीत. एका फेरीची यादीवरची रक्कम १०० धरू. मग भाडं ३० आणि किंमत ५००. चार आठवड्यांच्या चक्रात वर्षाला १२ नाही, १३ फेऱ्या होतात; महिन्यांवर हिशेब करणारे इथेच चुकतात. दोन वर्षांत २६ फेऱ्या, म्हणजे ७८० भाडं. सतराव्या फेरीलाच तुम्ही पूर्ण किंमत चुकवलेली असेल, आणि तरी दोन वर्षांनी यादी त्यांच्या घरी परत. याउलट ५०० चं कर्ज १४ टक्के व्याजाने काढून दोन वर्षांत मासिक हप्त्यांनी फेडलंत, तर एकूण ५७६ जातील आणि लाइन तुमची होईल.

म्हणून उद्याच विकत घ्या, असं मात्र मी म्हणणार नाही. लाइन म्हणजे दुकानाचा गाळा नव्हे. त्या १२० घरांनी कुणालाही काही लिहून दिलेलं नाही. ती तुमच्या सहकाऱ्यांच्या चेहऱ्याची, वेळेवर येण्याची सवय झालेली माणसं आहेत; नवा माणूस दारात दिसला की काही जण ‘आता राहू द्या’ म्हणतातच. किती म्हणतील हे आधी कुणालाच सांगता येत नाही. विकत घेतलीत तर ही गळती पूर्ण तुमच्या अंगावर. भाड्याने घेतल्यावर ती दोघांत वाटली जायला हवी, आणि त्यांच्या मागणीत नेमकं तेच होत नाही.

‘यादीवरच्या रकमेच्या ३० टक्के’ हे शब्द पुन्हा वाचा. शेतीच्या भाषेत हा वाटा नाही, खंड आहे. पीक येवो न येवो, मालकाचे ३० पक्के. सगळी घरं टिकली आणि १०० पैकी ९६ वसूल झाले, तर इंधन, पाणी शुद्ध करण्याचे फिल्टर, ब्रश, पाइप, विमा यांचे साधारण १८ आणि भाडं वजा जाता पाच दिवसांचे तुम्हाला ४८ उरतात. (१८ हा माझा अंदाज, तुमच्या वहीतला खरा आकडा घाला.) स्वतःच्या गिऱ्हाइकांत याच कामाचे ७८ उरले असते. आता पाचातलं एक घर सुटलं असं धरा. वसुली ७७, खर्च फार तर १६ वर येईल, कारण गाडी त्याच गल्ल्यांतून फिरते. भाडं तेच ३०. हाती ३१. पावसाने किंवा तापाने एखादी फेरी बुडाली तर हिशेब करायलाच नको.

तेव्हा पहिली अट ही घाला: भाडं प्रत्यक्ष वसुलीच्या ३० टक्के, आणि वसुली तुमच्या खात्यात. पैसे आधी त्यांच्याकडे आणि मग तुमच्याकडे, ही वाट नको.

दुसरी अट मुदतीची. दोन वर्षांऐवजी सहा फेऱ्या मागा, म्हणजे २४ आठवडे, आणि त्या संपल्यावर लाइन विकत घेण्याचा हक्क आजच लिहून घ्या. किंमत त्या वेळच्या वसुलीच्या पाचपट, आणि दिलेल्या भाड्यातलं निम्मं त्यातून वजा. समजा वसुली ८८ वर स्थिरावली. किंमत ४४०. सुरुवातीच्या फेऱ्यांत वसुली थोडी जास्त धरून सहा फेऱ्यांचं भाडं साधारण १६४ गेलं असेल, त्यातले ८२ वजा जाऊन ३५८ उरतात. पुढे भाड्याएवढाच, म्हणजे फेरीला साडेसव्वीसचा हप्ता त्यांना थेट देत राहिलात तर १४ फेऱ्यांत फिटतात. एकूण २० फेऱ्या, दीड वर्ष. कर्जही नको आणि बचतीला हातही नको. त्यांनाही सगळे मिळून ५२२ मिळतात, म्हणजे ४४० च्या लाइनवर ८२ जास्त. त्यामुळे हे बोलताना तुम्ही त्यांच्याकडे काही उपकार मागताय असं वाटून घेऊ नका.

आता कागदाचं. जुनी ओळख आहे म्हणूनच कागद हवा. अनोळखी माणसाशी भांडण झालं तर फक्त पैसे जातात. माझ्या अनुभवात या धंद्यातली भांडणं भाड्याच्या टक्क्यावरून क्वचित होतात. ती शेजारच्या घरावरून होतात. भाड्याच्या गल्लीत तुम्ही काच धुताय, पलीकडची बाई म्हणते, ‘आमच्याही करून द्या.’ हे गिऱ्हाईक कुणाचं? माझ्या मते तुमचं, पण ते लिहिलेलं नसेल तर त्यांना ते त्यांचंच वाटणार. म्हणून आजच्या १२० घरांची यादी दोघांच्या सह्यांनी कागदाला जोडा. यादीबाहेरचं प्रत्येक घर तुमचं. सुटलेल्या घराच्या जागी तुम्ही मिळवलेलं घरही तुमचंच. कुणाचे दर वाढवलेत तर ती वाढ कुणाची, तेही ठरवा. आणखी एक गोष्ट लिहाच: मधेच त्यांनी लाइन तिसऱ्याला विकायची ठरवली, किंवा त्यांचं काही बरंवाईट झालं, तरी तुमचा करार आणि विकत घेण्याचा हक्क कायम राहील. गुडघा बरा होऊन ते परत कामाला लागले तरीही. त्यांच्या बाजूने एक मागणी रास्त आहे: तुम्ही लाइन न घेता परत केलीत, तर ठरावीक काळ त्या १२० दारांत जायचं नाही. ती मान्य करा.

विमा आधी तुमच्या नावावर हवा. फुटलेल्या काचेचा जाब तुम्हालाच विचारतील. भाड्याची पावती दर फेरीला घ्या, म्हणजे कर भरताना तो तुमचा खर्च म्हणून दाखवता येईल. आणि या कामासाठी नवा लांब दांडा किंवा दुसरी टाकी घेऊ नका, निदान या सहा फेऱ्यांत तरी.

सही करण्याआधी एक पूर्ण फेरी त्यांच्याबरोबर फिरा. गुडघा दुखत असला तरी ते गाडीत बसून येऊ शकतात. त्यांनी स्वतः ‘आता हे येतील’ असं दारात सांगितलेलं घर आणि फोनवर कळवलेलं घर यांत फार फरक पडतो. त्या फेरीत कोण किती देतं, कोण दोन फेऱ्यांचे एकदम देतं, कुणाची बाकी आहे, हे टिपून घ्या आणि त्यांच्या गेल्या सहा फेऱ्यांच्या जमेशी ताडून पाहा. १२० घरांची यादी प्रत्यक्षात १०५ ची निघणं अगदीच शक्य आहे, आणि त्यात लबाडी असेलच असं नाही. माणूस जुनी नावं खोडत नाही.

विकत घेण्याचा हक्क द्यायला ते तयार नसतील, तर ते ६ रिकामे दिवस या लाइनला देऊ नका. त्यातले दोन दिवस स्वतःच्याच गल्ल्यांत दारोदार विचारत फिरा. वेळ लागेल, पण तिथे मिळणाऱ्या प्रत्येक घराचे १०० मागे ७८ राहतात आणि ते घर परत करावं लागत नाही.