मान खाली-वर करताना जिराफाला चक्कर का येत नाही?

तुमचे प्रश्न दोन आहेत: पाणी पिऊन झटकन मान वर केली तरी जिराफ भोवळ येऊन पडत कसा नाही, आणि गुरुत्वाकर्षणाला असं तोंड देणारे दुसरे प्राणी आहेत का. मी जीवशास्त्र शिकवतो. रक्ताभिसरणाचा धडा निघाला की वर्गात जिराफ येतोच, पण खरं सांगायचं तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला जास्त आवडतं.

आधी थोडा हिशोब. एक मीटर उंचीच्या रक्ताच्या स्तंभाचा तळाशी साधारण ७७ मिलिमीटर पारा इतका दाब पडतो. आपला मेंदू हृदयाच्या फूटभर वर, म्हणून १२०/८०वर आपलं भागतं. जिराफाचा मेंदू दीड ते दोन मीटर वर. म्हणजे रक्त तिथवर चढवण्यातच सव्वाशे-दीडशे खर्ची पडतात. म्हणून त्याच्या हृदयापाशी सरासरी दाब २००च्या वर असतो, आपल्या दुप्पट. मेंदूशी पोचेपर्यंत तो जवळपास आपल्याइतकाच उरतो.

यासाठी जिराफाचं हृदय अवाढव्य असतं, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते खरं नाही. मोजमापं घेतली तर ते शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास भरतं, इतर सस्तन प्राण्यांसारखंच. फरक आहे तो डाव्या जवनिकेत, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या खालच्या कप्प्यात: तिची भिंत जाड आणि आतली पोकळी लहान.

आता मान खाली गेली की काय होतं? मानेतल्या मोठ्या शिरांमध्ये रक्त साचतं, तेवढं हृदयाकडे कमी परततं आणि दाब आपोआप उतरतो. मान वर केली की साचलेलं रक्त भसकन हृदयात येतं आणि पुढच्या काही ठोक्यांत दाब चढतो. ज्या क्षणी भोवळ यायला हवी, नेमका त्याच क्षणी जादा रक्ताचा साठा हाताशी!

पायांचं दुखणं वेगळं. तिथे दाब ३००च्याही वर जातो. आपले पाय सुजून टम्म झाले असते. जिराफाच्या पायाची कातडी आणि तिच्याखालचं आवरण इतकं घट्ट असतं, की व्हेरिकोज व्हेन्सच्या पेशंटला डॉक्टर जे आवळ मोजे घालायला सांगतात, ते त्याला जन्मजातच मिळालेत. शिवाय पायातल्या धमन्यांच्या भिंती जाड आणि नळी अरुंद. एवढ्या रक्तदाबाने किडनी, हृदय खराब कसं होत नाही, हे कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही. २०२१मध्ये जिराफाच्या एका जनुकाचं (एफजीएफआरएल१) रूप उंदरांत घालून पाहिलं; रक्तदाब चढवणारं औषध दिलं तरी त्या उंदरांचा दाब फारसा चढला नाही.

आता साप. सापाचं शरीर म्हणजे एक लांब नळी. ती आडवी असेतोवर गुरुत्वाकर्षणाचा त्रास नाही. झाडावर सरळ वर चढायला लागली की सगळं रक्त शेपटीकडे ओढलं जाणार. म्हणून झाडावरच्या सापांचं हृदय डोक्याच्या जवळ सरकलेलं असतं. आपल्याकडचा हरणटोळ आठवा: दोरीसारखा बारीक, कातडी अंगाला चिकटलेली, शेपूट भलीमोठी लांब. रक्त साचायला जागाच नाही. फुप्फुसाचा रक्तवाहिन्यांनी भरलेला भागही अशा सापांत आखूड आणि हृदयालगत असतो. तो लांब असता तर उभं राहिल्यावर खालच्या टोकाला दाबाने पाणी झिरपलं असतं. जमिनीवरची घोणस जाडजूड आणि सैल अंगाची. तिला ही काटकसर करायचं कारणच नाही.

समुद्रसर्पांचं पाहा. त्यांचं हृदय शरीराच्या मध्याकडे असतं, कारण पाण्यात बाहेरचा दाबही खोलीबरोबर तसाच वाढत जातो आणि आतल्या रक्ताला तोलून धरतो. त्यालाच पाण्याबाहेर नळीत डोकं वर करून उभं धरलं, की रक्त शेपटीत उतरतं आणि डोक्याकडचा पुरवठा तुटतो. असे प्रयोग झालेत. (मालवणकडे जाळ्यात समुद्रसर्प येतात. तुम्ही उचलून बघायला जाऊ नका, विषारी असतात.)

थोडक्यात, जिराफाने दाब वाढवला, झाडावरच्या सापाने अंतर कमी केलं आणि समुद्रसर्पाने तो प्रश्नच पाण्यावर सोपवला.

तुम्ही डायनोसॉरबद्दल विचारलं नाहीत, पण कॉमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच. लांब मानेच्या सॉरोपॉडांपैकी काहींची मान नऊ मीटरच्या घरात होती. ती सरळ उभी धरली तर नुसतं रक्त चढवायलाच ७००च्या आसपास दाब लागेल. म्हणून काही संशोधक म्हणतात, ते मान आडवीच ठेवून चरत असणार. काहींना हाडांच्या रचनेवरून हे पटत नाही. मी पहिल्या गटात आहे, कारण एवढा दाब पेलणारं हृदय कुठल्याच जिवंत प्राण्यात दिसत नाही.