पावसात पकड कुठे असते

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

नोव्हेंबरच्या अखेरीस चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या शर्यतीच्या ट्रॅकवर तू तुझी पोर्शे नाइन इलेव्हन पहिल्यांदाच नेणार असल्याचे कळवलेस आणि पत्राच्या शेवटी विचारलेस की पाऊस असला तर बेत पुढे ढकलावा का. ढकलू नकोस. आपल्याकडे दिवाळीनंतर आकाश निवळते, त्याच सुमारास चेन्नईच्या परिसरात ईशान्य मोसमी पाऊस जोर धरतो, त्यामुळे तुला ओला ट्रॅक मिळण्याची शक्यता बरीच आहे; आणि साडेचारशे अश्वशक्तीच्या गाडीशी पहिली ओळख ओल्यात झाली तर ती जास्त खरी होते, असे माझे अनेक वर्षांचे मत आहे. मात्र निघण्यापूर्वी हे पत्र सावकाश वाच.

आधी थोडा हिशेब. चांगल्या टायरला कोरड्या डांबरावर जेवढी पकड मिळते, तिच्या साधारण साठ टक्के ओल्यात उरते असे धरू. वळणातला वेग पकडीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून जे वळण कोरड्यात ताशी १२० किलोमीटरने घेता येते ते ओल्यात सुमारे ९३ ने घेता येईल. ही घट सोसण्यासारखी वाटते, आणि नवखे चालक फसतात ते इथेच, कारण ब्रेकचे गणित वेगळे आहे. ताशी १६० वरून थांबायला कोरड्यात शंभर मीटर पुरत असतील, तर त्याच हिशेबाने ओल्यात १७० च्या आसपास लागतील. वळणात गाडी बऱ्यापैकी चालते म्हणून धीर चेपतो आणि पुढच्या सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक नेहमीच्याच खुणेवर दाबला जातो. पहिल्या लॅपपासून, म्हणजे ट्रॅकच्या पहिल्या पूर्ण फेरीपासून, ब्रेकच्या खुणा वळणापासून जवळजवळ दुप्पट अंतरावर धर आणि मग एकेक पाऊल पुढे सरकव.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतले. पाऊस पकड कमी करतो हे सगळेच सांगतात. तो पकडीची जागा बदलतो, हे फार थोडे जण सांगतात. कोरड्यात सर्व गाड्या ज्या रेषेवरून जातात, तिथे टायरचे रबर डांबराच्या बारीक छिद्रांत बसते, त्यावर तेलाचे थेंब पडतात, आणि शेकडो चाकांखाली खडी घासून गुळगुळीत होते. कोरड्यात हेच रबर गाडीला धरून ठेवते. पाणी पडले की तीच रेषा ट्रॅकवरचा सर्वांत निसरडा पट्टा होते. तिच्या बाहेर, जिथे एरवी कोणी जात नाही, तिथली खडी अजून खरखरीत असते आणि टायरला धरायला तिच्यात दात असतात. म्हणून ओल्यात ब्रेक नेहमीच्या रेषेपासून गाडीच्या रुंदीएवढे बाजूला सरकून लावावा, वळण बाहेरच्या कडेने लांब घ्यावे, उशिरा आणि एकदाच वळावे, आणि ती चकाकणारी रेषा ओलांडावी लागलीच तर शक्य तितकी आडवी, चाके जवळजवळ सरळ असताना ओलांडावी. आतल्या कर्बचा, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या रंगवलेल्या बांधाचा, रंग आणि पांढरे पट्टे यांना साबणाची वडी समज.

ही जागा प्रत्येक वळणाला वेगळी असते. कुठे पाण्याचा ओघळ ट्रॅक आडवा कापतो, कुठे नवे डांबर टाकलेले असते, कुठे उतारामुळे आतली बाजूच लवकर निथळते. म्हणून हे पुस्तकातून शिकता येत नाही, चाचपडूनच शिकावे लागते. कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकवर, त्या छोट्या उघड्या शर्यती-गाडीत, जुलैच्या सरीत तुला मी मुद्दाम बाहेरच्या कडेने फिरायला लावत असे आणि तू वैतागत असस, ते आठवते का? तो सराव याच दिवसासाठी होता. फॉर्म्युला वनचा ब्राझिलियन विजेता आयर्टन सेनाही लहानपणी ओल्यातली एक कार्ट शर्यत हातची गेल्यावर, साओ पाउलोत पाऊस लागला की कार्ट घेऊन बाहेर पडत असे. ११ एप्रिल १९९३ रोजी इंग्लंडमधल्या डोनिंग्टनच्या ओल्या शर्यतीत सुरुवातीलाच पाचव्या क्रमांकावर ढकलला गेलेला तोच सेना पहिला लॅप पुरा होण्याआधी सर्वांच्या पुढे होता, आणि वाटेत एकाला त्याने बाहेरच्या बाजूने मागे टाकले. बाकीचे कोरड्याच्या सवयीने चालवत होते आणि तो पकड असेल तिथे गाडी नेत होता, असे मला तो लॅप पाहताना दर वेळी वाटते.

तुझ्या गाडीचा स्वभाव याला कसा जुळतो ते पाहा. इंजिन मागच्या आसाच्याही मागे असल्याने वजनाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग मागच्या चाकांवर असतो. त्यामुळे वळणातून बाहेर पडताना ती इतर ताकदवान गाड्यांपेक्षा ओल्यात चांगली ढकलते. पण नाक हलके असते. वळणात शिरताना स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच चालली असे वाटेल, आणि त्या क्षणी पाय अॅक्सिलरेटरवरून झटकन उचलण्याचा मोह होईल. तो आवर. पाय उचलताच वजन पुढे येते, मागची चाके हलकी होतात, आणि मागे लटकलेले ते वजन घड्याळाच्या लंबकासारखे बाहेर झेपावते. मी स्वतः याच ट्रॅकवर, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाणाऱ्या एका उधार घेतलेल्या गाडीत, ऐन वळणात घाबरून पाय काढला होता. गाडी दीड वेळा गरगरली आणि गवतात पाठमोरी थांबली. इजा झाली नाही, पण माझा पाय माझ्या आधी निर्णय घेतो हे त्या दिवशी कळले आणि पुढची दोन वर्षे मी फक्त पायावर काम केले. नाक वळणाबाहेर सरकत असेल तर स्टिअरिंग किंचित सोड, पाय अगदी थोडा हलका कर आणि वाट पाहा. टायरची पकड ही एकच पुंजी आहे, ती ब्रेकवर खर्च केलीस तर वळणाला उरत नाही.

ओल्यात वरचा गिअर ठेवावा हा सल्ला बरोबरच आहे, पण त्यावर विसंबू नकोस. तुझ्या दोन टर्बोंच्या इंजिनाचा पूर्ण टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, मिनिटाला २३०० फेऱ्यांपासूनच हजर असतो, त्यामुळे वरच्या गिअरमध्येही आडदांडपणा केलास तर चाके घसरतील. पेडल दाबायला कोरड्यात जेवढा वेळ घेतोस त्याच्या तिप्पट घे, आणि स्टिअरिंग सरळ होत जाईल तसतसेच ते खाली जाऊ दे.

टायरबद्दल थोडक्यात. मागचे टायर ३०५ मिलिमीटर रुंद आहेत. एवढ्या रुंदीखालून पाणी बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून नक्षी झिजली असेल तर ओल्या ट्रॅकवर जाऊच नकोस. कोरड्यात टायर तापून हवा वाढते म्हणून आपण सुरुवातीला दाब कमी ठेवतो. ओल्यात टायर फारसे तापत नाहीत, तेव्हा कंपनीने सांगितलेल्या थंड दाबापासूनच सुरुवात कर.

साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगली तर स्टिअरिंग अचानक हातात हलके होईल आणि इंजिनाचा आवाज चढेल. तेव्हा ब्रेक नको, हाताचा झटका नको. चाके सरळ धर, पाय हळू सैल कर. वळवलेल्या चाकांना अचानक जमीन सापडली तर गाडी चाकांचे तोंड असेल तिकडे उडी घेते.

गाडीत वेट मोड, म्हणजे ओल्या रस्त्यासाठीची यंत्रणा, आहे. पुढच्या चाकांच्या कमानीतले संवेदक उडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकून तुला सूचना देतील, पण मोड चालू करणे तुझ्याच हाती आहे. पहिले सत्र त्यातच चालव. मात्र ही यंत्रणा असलेली पकड नीट वाटून देते, नसलेली निर्माण करत नाही. तिचा दिवा एखाद्या वळणात दर लॅपला लुकलुकत असेल तर तिथे तू चुकीच्या जागेवरून जात आहेस, असा त्याचा अर्थ घे.

झेंड्यांविषयी मी कठोर बोलणार आहे. पिवळ्यावर लाल उभे पट्टे म्हणजे पुढे निसरडे आहे. नुसता पिवळा हलताना दिसला तर वेग खरोखर कमी कर, नावापुरता नव्हे. ५ ऑक्टोबर २०१४ रोजी जपानमधल्या सुझुकाच्या ओल्या ट्रॅकवर दुहेरी पिवळे झेंडे हलत असताना फॉर्म्युला वनचा चालक ज्यूल बियांकी याची गाडी सुटली आणि दुसरी गाडी उचलायला आलेल्या ट्रॅक्टरवर आदळली. पुढच्या जुलैत तो गेला. पंचवीस वर्षांचा होता. ट्रॅकच्या कडेला पावसात झेंडे घेऊन उभे असलेले मार्शलही कुणाची तरी मुले आहेत.

शनिवारी सकाळी सातला मी पिटमध्ये, ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवण्याच्या जागेत, असेन. वातानुकूलन चालू ठेव, नाहीतर काच आतून धुरकटेल. पहिल्या पाच लॅपना मी घड्याळ लावणार नाही. आत आलास की ट्रॅकच्या नकाशावर प्रत्येक वळणात तुला पकड कुठे सापडली त्याच्या खुणा करायच्या आहेत, म्हणून पेन्सिल आण. आणि कोरड्या बुटांचा एक जास्तीचा जोड ठेव, ओला तळवा पेडलवरून सटकतो.

तुझा,
काका