बाजारात भेटलेली पेशंट

प्रश्न : मी नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी चार वर्षांपासून एकटीच काम करते. पुढच्या वर्षी आरसीआयच्या (भारतीय पुनर्वास परिषदेच्या) नोंदणीचं नूतनीकरण आहे आणि त्यासाठी लागणारे माझे सीआरईचे, म्हणजे नोकरीत असताना घ्यायच्या पुढच्या प्रशिक्षणाचे, गुण निम्मेही झालेले नाहीत. नागपूर-पुण्याला जायचं तर दोन दिवस ओपीडी बंद. ऑनलाइन बसावं तर नेमकी लाईट जाते. शिवाय तिथे सांगतात ते माझ्या खोलीत फारसं उपयोगी पडत नाही. इथे पेशंट ओळखीतले, नात्यातले. कुणी फीऐवजी तूर आणतं. सरपंच वाटेत थांबवून विचारतात, "काय म्हणते तो पोरगा?" हे सगळं शिकायचं कुठे?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : गुणांचं आधी उरकून घेऊ. पाच वर्षांत १०० गुण ही अट काही टळायची नाही, तेव्हा शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. पैसे भरण्याआधी कार्यक्रमाला परिषदेची मान्यता आहे का, ते बघून घ्या. मी एकदा दोन दिवस छान व्याख्यानं ऐकून जाड कागदाचं प्रमाणपत्र घेऊन आले होते. एक गुण धरला गेला नाही. विषय निवडता येत असेल तर आत्महत्येच्या धोक्याची पारख आणि व्यसन, हे दोन आधी घ्या. महागड्या चाचण्यांची पेटी आपल्या तालुक्यात येईल तेव्हा येईल.

आता तुमचा खरा प्रश्न. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट सांगते. सोमवारचा आठवडी बाजार. वांगी निवडता निवडता समोर माझी एक पेशंट दिसली. सहा आठवड्यांत तिची तब्येत चांगली सुधारली होती. मी पिशवी हातात धरून मोठ्यानं विचारलं, "काय मग, आता झोप लागते ना?" तिच्या शेजारी तिची नणंद उभी होती. पेशंटनं पदर सावरला आणि ओळख नसल्यासारखी पुढे निघून गेली. पुढच्या मंगळवारी ती आली नाही. त्यानंतर कधीच आली नाही.

गोपनीयतेवर मी तोवर परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती!

महिनाभर हे कुणाला सांगितलं नाही. मग नागपूरच्या माझ्या जुन्या बाईंना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तिथे, बाजारात, तुला ते कशाला विचारावंसं वाटलं गं?" उत्तर सुचायला मला दोन दिवस लागले. तिची तब्येत माझ्यामुळे सुधारली हे मला चारचौघांत ऐकायचं होतं. तेव्हापासून पहिल्याच भेटीत मी पेशंटला सांगून ठेवते, "बाहेर भेटलो तर मी आधी ओळख दाखवणार नाही. तुम्ही बोललात तर बोलेन, पण पावसापाण्याचं."

म्हणून माझं म्हणणं असं, की गुण नोंदणीसाठी मिळवा, आणि शिकण्यासाठी एक माणूस धरा. आपल्याहून दहा वर्षं जुना, आपल्या गावापासून लांबचा. पंधरा दिवसांतून एकदा तासभर फोन. बरी झालेली केस त्याला सांगूच नका. जिथे जीभ अडखळते ती सांगा. फुकट सांगणारा मिळाला तरी त्याला मानधन द्या, नाहीतर तुम्हीच संकोचाने फोन टाळायला लागाल.

शिकवणारे पेशंटही असतात. पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणी तुम्ही वापरत असालच. तिचा पहिला प्रश्न कामात रस किंवा आनंद कमी वाटतो का, असा. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी तो वाचून दाखवला, तर ते हसले, "मजा कायची राह्यते जी वावरातल्या कामात?" नऊही प्रश्नांना असंच काहीबाही. गुण आले तीन, म्हणजे कागदावर माणूस ठणठणीत. कागद बाजूला ठेवून मी विचारलं, "यंदा पोळ्याले बैल सजवले का, बाबाजी?" ते बराच वेळ टोपीशी चाळा करत राहिले. "नाही जी. खांदशेकणीबी नाही केली. उभेच होते गोठ्यात." आणि रडायला लागले. चाचणी चुकीची नाही, पण प्रमाण मराठीतला प्रश्न वऱ्हाडी कानात दुसऱ्याच अर्थानं पडतो. तुम्ही एक वही करा. "जीव लागत नाही", "कसंतरीच वाटते", "डोकं भणभणते" — कोण, कधी, कोणत्या दुखण्यात हे म्हणतं ते टिपून ठेवा. नववा, मरणाच्या विचाराचा प्रश्न मात्र आडवळणानं विचारू नका. आणि उत्तर "हो" आलं, तर फवारणीचं औषध घरात कुठे ठेवलंय आणि ते आजच दुसऱ्याच्या कुलपात कसं जाईल, हे ठरल्याशिवाय त्या माणसाला उठू देऊ नका. रात्री-बेरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक घरच्यांच्या मोबाईलमध्ये समोर बसून सेव्ह करून द्या.

सरपंचांचं सोपं आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचा हक्क पेशंटला देतं. जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजकेच अपवाद. सरपंच त्यात बसत नाहीत. "त्यालाच विचारा ना भाऊ" म्हणायचं आणि चहा घ्यायचा. "बरा आहे" हेसुद्धा सांगू नका, कारण त्यातून तो तुमच्याकडे येतो हे कळतंच.

तूर घेऊ नका. फी कमी करा, पण रोख ठेवा. पायलीभर तूर देणाऱ्याला पुढच्या वेळी "मला बरं वाटत नाही" म्हणायची चोरी होते. संक्रांतीचा तिळगूळ चालतो. हिवाळ्यात कुणी उकडलेल्या तुरीच्या शेंगा पुढे केल्या तर मीही दोन उचलते, तेवढा दुबळेपणा माझ्यात आहे.

फोनवर केस सांगताना नाव तर घेऊ नकाच. "अमक्या गावच्या मास्तरांची सून" असंही नको. आपल्या जिल्ह्यात तेवढ्यावरून चुलत सासऱ्यापर्यंत पत्ता लागतो.