लढाईच्या सकाळचा तिळगूळ

प्रश्न : ताई, सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांच्यावर मी कादंबरी लिहिते आहे. दोन वर्षांत टिपणांच्या तीन वह्या भरल्या. पण पानिपतच्या छावणीचं प्रकरण वाचून मैत्रीण म्हणाली, 'हे शाळेच्या पुस्तकासारखं वाटतंय.' तपशील गाळले तर जाणकार नावं ठेवतील. किती ठेवू, किती काढू? सोबत सात पानं पाठवते आहे.
– एक वाचक, मिरज

उत्तर : तुमची पानं दोनदा वाचली. पहिल्या चार पानांत इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आहेत, पलटणींची मांडणी आहे, नजीबखानाचं राजकारण आहे. पण हे सगळं पाहतंय कोण? पार्वतीबाई तर राहुटीत बसल्या आहेत. गोळा किती शेरांचा हे त्यांना कुठून कळणार? त्यांना आवाज कळेल, आणि तो थांबला की पोटात खड्डा पडेल. ती चार पानं वहीत परत जाऊ द्या. वाया काही जात नाही, तुम्हाला ते ठाऊक आहे हे पुढच्या वाक्यांत जाणवतंच.

पाचव्या पानावर मात्र मी अडले. लढाईच्या सकाळी तुम्ही बायकांच्या हातात तिळगूळ दिला आहे. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. संक्रांत मात्र साधारण सत्तर-बहात्तर वर्षांनी एकेक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंद १८६३ साली संक्रांतीच्या दिवशी जन्मले, ती तारीख होती १२ जानेवारी. त्याआधी शंभर वर्षं मागे गेलात की ती १० जानेवारीच्या आसपास येते. म्हणजे पानिपतच्या रणाआधी तीन-चार दिवस सण होऊन गेला होता.

आता ही चूक नुसती खोडू नका. छावणीला रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, रसद आटली, छावणीत माणसं आणि जनावरं उपाशी. अशा ठिकाणी संक्रांत आली! तीळ कुणाच्या गाठोड्यात उरले असतील? गुळाचा खडा कुणी लेकरासाठी लपवला असेल? पार्वतीबाई कुणाला काय देतील, आणि 'गोड बोला' म्हणताना त्यांचा आवाज कसा निघेल? मला तर हे वाचायचंच आहे. तुमच्या तिळगुळापेक्षा पंचांगातली संक्रांत कितीतरी जास्त बोलते.

मी हे ठेच लागून शिकले. माझ्या पहिल्या कथेत शनिवारवाड्यातली एक बाई काडी ओढून समई लावते. आगकाडी निघाली १८२६-२७ च्या सुमारास, तीही इंग्लंडात. एका वाचकाने पोस्टकार्डावर ते दाखवून दिलं आणि मी दोन रात्री झोपले नाही. मग समई चुलीतल्या निखाऱ्यावर पेटवली. पण निखारा पहाटेपर्यंत राखेखाली जिवंत ठेवायचा तर कुणीतरी जागं हवं. तशी एक कुणबीण, म्हणजे वाड्यातली दासी, कथेत आली, आणि शेवटी कथा तिचीच झाली.

जाणकारांची भीती बाळगू नका, पण नोंदलेल्या गोष्टीला हात लावू नका. भाऊ गेले हे पार्वतीबाईंनी मानलं नाही, १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या सौभाग्यवतीच राहिल्या. तुम्ही शेवटच्या पानावर त्यांचं कुंकू पुसलं आहे. नाट्य वाढतं खरं, पण त्या बाईने बावीस वर्षं जे धरून ठेवलं तेच तुम्ही एका ओळीत काढून घेतलंत. हे मला लागलं. दुपारी एकट्या असताना त्या आरशात काय पाहत होत्या, याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही. ते तुम्ही लिहा, बेलाशक लिहा.

आणि आधी संक्रांतीचा तो एक दिवस लिहून पाठवा. तारीख घालू नका. थंडी, रिकामी भांडी आणि तिळाची एक पुरचुंडी, एवढ्यावर प्रकरण उभं राहतं का पाहू.