वाचकांचे प्रश्न : छोटा संगणक नीट चालू आणि नीट बंद कसा करावा

गेल्या अंकात यंत्रांवर बसणाऱ्या छोट्या लिनक्स बोर्डांविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांतील बहुतेक तक्रारी एकाच जागी येऊन थांबतात: बोर्ड चालू होतो, पण बंद होताना घोटाळा होतो. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या उत्तरांना त्याचाच आधार लागतो.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची लहान फौंड्री आहे. कोअर ओव्हनचे तापमान दर १० सेकंदांनी नोंदवणारा एक बोर्ड माझ्या पुतण्याने बसवून दिला आहे. त्यावर बिल्डरूटने (छोट्या बोर्डांसाठी लिनक्स बांधून देणारे साधन) तयार केलेले लिनक्स आणि बिझीबॉक्स (नेहमीच्या आदेशांचा आटोपशीर संच) आहे. नोंदीचा प्रोग्राम सी भाषेतला असून तो एका शेल स्क्रिप्टमधून सुरू होतो, आणि ती स्क्रिप्ट इनिटटॅबमध्ये रिस्पॉन म्हणून लावलेली आहे. लाइट गेली की जवळजवळ पाव तासाची नोंद नाहीशी होते, हे एक वेळ समजू शकते. पण आमच्या सोमवारच्या सुट्टीआधी पॉवरऑफचा आदेश देऊन रीतसर बंद केले तरी तेवढीच नोंद जाते आणि पडद्यावर 'डिव्हाइस बिझी' अशा अर्थाचा संदेश येतो. ग्राहकाचा तपासनीस नेमका त्याच वेळेचा आलेख मागतो. काय करावे?
— एक फौंड्रीचालक, शिरोली

उत्तर : पाव तास हा आकडा तुम्ही सहज लिहिला असेल, पण निदान त्यातच आहे. सी भाषेची प्रमाण लायब्ररी फाइलमध्ये लिहायचा मजकूर लगेच पुढे देत नाही. तो आधी स्वतःच्या बफरमध्ये साठवते, आणि लिनक्सवर हा बफर बहुधा ४,०९६ बाइटांचा असतो. तुमची एक ओळ ४० बाइटांची धरली तर सुमारे १०० ओळी जमेपर्यंत कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, काहीच मिळत नाही, आणि दर १० सेकंदांना एक ओळ या हिशेबाने १०० ओळींना सतरा मिनिटे लागतात. त्यापुढे कर्नलही लिहायचा मजकूर काही काळ मेमरीत ठेवतो, पण त्याची मूळ मर्यादा ३० सेकंदांच्या आसपासची असते. म्हणजे मोठी चोरी कार्डावर किंवा कर्नलमध्ये होत नसून प्रोग्रामच्याच खिशात होते, आणि प्रोग्राम आवराआवर न करता मेला की खिशातले त्याच्याबरोबर जाते.

आता रीतसर बंद करूनही तो तसा का मरतो, हे पाहू. कर्नल उभा राहिला की तो इनिट नावाची पहिली प्रक्रिया सुरू करतो. तिचा क्रमांक १ असतो आणि बाकी सारा संसार तिच्याखाली चालतो. बिझीबॉक्सचे इनिट आपली कामे इनिटटॅब या फाइलमधून वाचते. तिच्या प्रत्येक ओळीत विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी वेगळे केलेले चार रकाने असतात: टर्मिनल, रनलेव्हल, कृती आणि आदेश. मोठ्या संगणकांवरील जुन्या इनिटची सवय असलेले लोक दुसरा रकाना काळजीपूर्वक भरतात, परंतु बिझीबॉक्स त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. महत्त्व आहे ते तिसऱ्या रकान्याला. तेथे सिसइनिट असेल तर आदेश सर्वांत आधी चालतो, रिस्पॉन असेल तर प्रोग्राम मेल्यावर पुन्हा उठवला जातो, आणि शटडाउन असेल तर आदेश फक्त बंद होताना चालतो. बिल्डरूट सिसइनिटच्या वेळी आरसीएस नावाची स्क्रिप्ट चालवते. ती इनिट-डी फोल्डरमधील एस आणि दोन अंकांनी सुरू होणाऱ्या स्क्रिप्ट चढत्या क्रमाने 'स्टार्ट' म्हणून हाकारते. बंद होताना आरसीके त्याच स्क्रिप्ट उलट क्रमाने 'स्टॉप' म्हणून हाकारते.

तुम्ही पॉवरऑफ म्हटले की तो आदेश इनिटला एक सिग्नल पाठवतो. इनिट आधी शटडाउनच्या ओळी एकामागून एक चालवते: प्रथम आरसीके, नंतर स्वॅप बंद करणे, नंतर सर्व फाइल सिस्टिम उतरवणे, म्हणजे साठवणीची पार्टिशने नीट बंद करून सोडवणे. या साऱ्यानंतरच ते उरलेल्या सर्व प्रक्रियांना सिगटर्म म्हणजे 'आवरा' असा सिग्नल देते, सुमारे एक सेकंद थांबते आणि मग सिगकिल देऊन सर्वांना संपवते. हा क्रम पुन्हा वाचावा. फाइल सिस्टिम उतरवण्याचा प्रयत्न होतो तेव्हा तुमचा प्रोग्राम जिवंत असतो आणि नोंदीची फाइल लिहिण्यासाठी उघडी धरून बसलेला असतो. त्यामुळे फाइल सिस्टिम उतरत नाही, केवळ वाचनापुरती करण्याचा पर्यायही फसतो, आणि 'डिव्हाइस बिझी' हा संदेश येतो. नंतर सिगटर्म येतो, पण तो न हाताळणारा सी प्रोग्राम त्या क्षणी बफर रिकामा न करताच संपतो. शिवाय केवळ स्क्रिप्टला सिगटर्म देऊन भागणार नाही, कारण शेल तो सिग्नल आपल्या पोटातील प्रोग्रामकडे पोहोचवत नाही.

म्हणून दुरुस्ती तीन ठिकाणी आहे. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत प्रोग्रामच्या नावाआधी एक्झेक हा शब्द घाला, म्हणजे शेल बाजूला होऊन त्याच प्रक्रिया क्रमांकावर प्रोग्राम बसेल. प्रोग्राममध्ये सिगटर्म आल्यावर फक्त एक खूण उभी करा, आणि मुख्य फेरीत ती खूण दिसली की बफर रिकामा करून, एफसिंक करून (म्हणजे कर्नलने मेमरीत ठेवलेला मजकूर कार्डावर उतरवून), फाइल बंद करून बाहेर पडा. सिग्नल हाताळणाऱ्या फंक्शनमध्येच फाइलची कामे करण्याचा मोह टाळावा. तिसरे, इनिट-डीमध्ये एस-९० अशा मोठ्या क्रमांकाची एक स्क्रिप्ट ठेवा, जी 'स्टार्ट'ला काहीच करणार नाही, आणि 'स्टॉप'ला प्रोग्रामला सिगटर्म देऊन तो खरोखर संपेपर्यंत, फार तर पाच सेकंद, थांबेल. थांबणे महत्त्वाचे आहे. नुसता सिग्नल देऊन पुढे जाणारी स्क्रिप्ट नसल्यासारखीच असते. रिस्पॉनची ओळ तशीच राहू द्या: इनिट शटडाउनच्या ओळी चालवण्यात गुंतलेले असताना ते मेलेल्या प्रोग्रामला पुन्हा उठवत नाही, आणि एरवी दुपारी प्रोग्राम कोसळला तर त्याला उठवणारे कोणीतरी हवेच. मात्र रिस्पॉनखालचा प्रोग्राम स्वतःहून पार्श्वभूमीत जाणारा नसावा, नाही तर इनिटला तो मेला असे वाटून प्रतींवर प्रती सुरू होतात.

हे झाले आदेश देऊन बंद करण्याचे. लाइट जाते तेव्हा आदेश देणारा कोणीच नसतो. दर मिनिटाला बफर रिकामा करून एफसिंक केले तर हानी एका मिनिटावर येते, आणि पुष्कळ ठिकाणी एवढ्यावर भागते. तपासनिसाला तेवढेही चालत नसेल, तर वीज गेल्याची वर्दी आणि थोडी शिल्लक ऊर्जा या दोन्हींची सोय करावी लागेल. वर्दीसाठी २४ व्होल्टच्या सप्लायच्या मागच्या, म्हणजे मुख्य विजेच्या बाजूने ऑप्टोकपलरमार्फत (दोन सर्किटे विजेने अलग ठेवून प्रकाशाने खूण पोहोचवणारा भाग) बोर्डाच्या एका इनपुटला खूण द्यावी. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. ऊर्जेचा हिशेब असा: बोर्ड ३ वॉट घेतो आणि बंद व्हायला ८ सेकंद लागतात असे धरल्यास २४ ज्यूल लागतात, आणि मधल्या रेग्युलेटरची तूट धरून ३० ज्यूल. २४ व्होल्टपासून ९ व्होल्टपर्यंत उतरणाऱ्या ४,७०० मायक्रोफॅरडच्या नेहमीच्या कपॅसिटरमधून जेमतेम सव्वा ज्यूलच्या आत ऊर्जा मिळते, म्हणजे त्याचा येथे उपयोग नाही. उलट २.७ व्होल्टचे ३.३ फॅरडचे दहा सुपरकपॅसिटर एकापुढे एक जोडले तर ०.३३ फॅरड होतात आणि त्याच उतारात सुमारे ८० ज्यूल देतात. त्यांच्यात व्होल्टेज समान वाटून देणारे सर्किट आणि चार्ज होतानाचा पहिला झटका रोखणारा रेझिस्टर विसरू नका.

एक खोच राहते. आपल्याकडे लाइट जाते तशी पुष्कळदा दोन सेकंदांत परतही येते. वर्दी मिळताच पॉवरऑफ दिले आणि तेवढ्यात वीज आली, तर बोर्ड बंद होऊन तसाच पडून राहतो, कारण त्याच्या दृष्टीने वीज कधी गेलेलीच नसते. त्यासाठी खूण सलग तीन सेकंद टिकली तरच बंद करण्यास सुरुवात करावी, आणि शेवटी पॉवरऑफऐवजी रीबूट द्यावे. वीज खरोखर गेली असेल तर कपॅसिटर रिकामे होऊन बोर्ड आपोआप विझतो. आली असेल तर तो पुन्हा उठतो. उठताना नोंदीचे पार्टिशन लिहिण्यासाठी जोडण्यापूर्वी पहिल्याच स्क्रिप्टने विजेची खूण तपासावी, म्हणजे विझता विझता लिहिण्याचा प्रसंग येणार नाही.

प्रश्न : इचलकरंजीत माझे चोवीस यंत्रमाग आहेत. पिके (म्हणजे कापडात पडणारे आडवे धागे) मोजण्यासाठी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवला आहे. तो बंद करताना दीड मिनिट ताटकळतो, आणि चालू होताना वायफाय मिळेपर्यंत मोजणीच सुरू करत नाही. दोन्ही गोष्टी एकाच कारणाने होतात काय?
— एक यंत्रमागधारक, इचलकरंजी

उत्तर : कारणे दोन आहेत, पण दोन्ही एकाच फाइलमध्ये सापडतील. रास्पबेरी पायच्या नेहमीच्या प्रणालीत इनिटचे काम सिस्टिमडी करते. त्याचा स्वभाव बिझीबॉक्सच्या नेमका उलटा आहे: ते प्रत्येक सेवेला सिगटर्म दिल्यावर ठरावीकपणे ९० सेकंद वाट पाहते आणि मगच सिगकिल देते. तुमचे दीड मिनिट ते हेच. टाइमआउट-स्टॉप-सेक ही ओळ १० सेकंदांवर आणली की ताटकळणे संपेल, पण तो केवळ उतारा झाला. प्रोग्राम सिगटर्म का ऐकत नाही हे आधी पाहावे. तुमच्या प्रकारात तो बहुधा नेटवर्कच्या उत्तराची वाट पाहत अडकलेला असतो.

चालू होण्याबाबत: तुमच्या सेवेच्या फाइलमध्ये 'नेटवर्क-ऑनलाइन'ची अट घातलेली असणार. मागाची पिके मोजायला वायफायची काय गरज? मोजणी आणि आकडे पाठवणे या दोन वेगळ्या सेवा करा. मोजणीच्या सेवेला नेटवर्कची कोणतीही अट नको. पाठवणाऱ्या सेवेला 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' या दोन्ही ओळी हव्यात, कारण 'आफ्टर' केवळ क्रम सांगते, ती गोष्ट सुरू करून देत नाही. या 'आफ्टर'चा आणखी एक लाभ फारसा कोणी लक्षात घेत नाही. सिस्टिमडी बंद होताना हाच क्रम उलटा पाळते, म्हणून नेटवर्कनंतर सुरू झालेली सेवा नेटवर्क जाण्याआधी थांबवली जाते आणि पाळीचा शेवटचा आकडा पाठवायला तिला वाट मोकळी मिळते.

प्रश्न : करवीर तालुक्यात नदीकाठच्या आमच्या सामाईक पाणी योजनेच्या पंपावर बोर्ड आहे. वीज आली की नोंदीत १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच अशी वेळ दिसते. साडेपाचच का?
— एक शेतकरी

उत्तर : युनिक्स घराण्यातील प्रणाली वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून, आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. तुमच्या बोर्डावर बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही, म्हणून तो शून्यापासून मोजू लागतो. डीएस ३२३१ या चिपचे घड्याळ नाण्याएवढ्या सेलसह बसवा, आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच अंतर्भूत करून घ्या, म्हणजे कोणतीही सेवा सुरू होण्याआधी वेळ लागलेली असेल. ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून ठेवायचा असल्यास घड्याळ वाचण्याची स्क्रिप्ट नोंदीच्या स्क्रिप्टआधीच्या क्रमांकावर हवी. पाणी कोणाच्या पाळीत किती गेले यावरून वाद होऊ शकतात तेथे एवढा खर्च जास्त नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मूळ फाइल सिस्टिम केवळ वाचनापुरती ठेवली, तर बंद करण्याची व्यवस्था मुळात लागतेच कशाला?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : तुमचा रोख बरोबर आहे, आणि मला विचाराल तर प्रत्येक यंत्राची आखणी 'याला बंद होण्याची संधी मिळणारच नाही' असे गृहीत धरूनच करावी. मूळ पार्टिशन वाचनापुरते, तात्पुरत्या फाइली टीएमपीएफएसवर म्हणजे मेमरीत, आणि सेटिंग बदलण्याची गरज भासल्यास वर ओव्हरलेएफएसचा थर. ही फाइल सिस्टिम २०१४ साली ३.१८ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये आली. लिहायचे ते फक्त एका वेगळ्या पार्टिशनवर. छोट्या फाइली बदलताना जुनी फाइल जागेवर खोडू नये. नवी वेगळ्या नावाने लिहून, एफसिंक करून, मग नाव बदलावे, म्हणजे मध्येच वीज गेली तरी जुनी किंवा नवी यांपैकी एक अखंड मिळते.

तरीही दोन गोष्टी उरतात. एसडी कार्ड आतल्या आत मोठ्या ठोकळ्यांनी पुसते आणि लिहिते, त्यामुळे लिहिताना वीज गेली तर शेजारच्या, त्या वेळी कोणी हातही न लावलेल्या मजकुराचे नुकसान होऊ शकते. पार्टिशन वेगळे केल्याने कार्डाच्या आतला हा शेजार तुटत नाही. मी एका गुऱ्हाळघरात काहिलीचे तापमान नोंदवणारा बोर्ड लावला होता. त्याचे मूळ पार्टिशन वाचनापुरतेच होते, आणि तरी हंगामाच्या मध्यावर तो उठेनासा झाला. तेव्हापासून मूळ प्रणाली ईएमएमसीवर, म्हणजे बोर्डावरच बसवलेल्या साठवणीच्या चिपवर, आणि नोंदी कार्डावर अशी विभागणी मी करतो. दुसरी गोष्ट बोर्डाबाहेरची आहे: तुमचा बोर्ड एखादा हीटर किंवा व्हॉल्व्ह चालवत असेल, तर बंद होताना त्याला सुरक्षित स्थितीत ठेवणे हे फाइल सिस्टिमचे काम नाही. ते काम 'स्टॉप'च्या स्क्रिप्टवर सोपवा, पण तिच्यावर विसंबू नका. इनपुट गेले की रिले आपोआप सुटेल अशीच जोडणी करा.

प्रकल्पासाठी एक चाचणी सुचवतो. एक टायमर आणि रिले घेऊन बोर्डाची वीज वेगवेगळ्या अंतराने पाचशे वेळा तोडा: कधी उठताना, कधी लिहिताना, कधी बंद होत असताना. प्रत्येक ओळीला अनुक्रमांक आणि चेकसम (ओळ बिघडली का ते ओळखणारा आकडा) द्या, आणि शेवटी कोणते अनुक्रमांक गळाले ते मोजा. रात्रभर यंत्र चालू ठेवले की सकाळी आकडा हाती येतो.