अमेरिकेने प्रगत चिप देणं बंद करूनही चीन एआयमध्ये मागे का पडला नाही? बंदी फसली का? आणि भारताने यातून काय घ्यावं?

बंदी लागू पडली, पण अमेरिकेला वाटलं होतं त्या ठिकाणी नाही, असं माझं मत आहे.

7 ऑक्टोबर 2022 ला अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने प्रगत चिप चीनला विकण्यावर निर्बंध घातले. नियमात दोन मर्यादा होत्या: चिपची आकडेमोडीची क्षमता आणि एका चिपकडून दुसरीकडे माहिती जाण्याचा वेग. दोन्ही ओलांडल्या तरच बंदी. एआयच्या चिप बनवणाऱ्या अमेरिकेच्या एनव्हिडिया कंपनीने नेमकी ही फट पकडली. त्यांच्या एच100 या चिपमध्ये हा वेग सेकंदाला 900 गिगाबाइट होता. चीनसाठी काढलेल्या एच800 मध्ये तो 400 वर आणला आणि एआयला लागणारी आकडेमोडीची ताकद तशीच ठेवली. ऑक्टोबर 2023 मध्ये फट बुजवली गेली, पण तोवर वर्ष हातचं गेलं होतं.

एआयचं मॉडेल शिकवताना हजारो जीपीयू (म्हणजे याच चिप) सतत एकमेकांना आकडे पाठवत असतात. तो रस्ता अरुंद झाला की महागडे जीपीयू नुसते वाट बघत बसतात. डीपसीक या चिनी एआय कंपनीने आपलं व्ही3 मॉडेल 2048 एच800 वर शिकवलं. प्रत्येक चिपमध्ये आकडेमोड करणारे 132 विभाग असतात. त्यांतले 20 त्यांनी फक्त या देवाणघेवाणीला जुंपले. शिवाय बरीचशी आकडेमोड आठ बिटांत, म्हणजे कमी अचूक पण झटपट होणाऱ्या छोट्या आकड्यांत उरकली. मी स्वतः जीपीयूसाठी कोड लिहितो, म्हणून सांगतो: इतक्या खोलात कुणी हौसेने उतरत नाही. पूर्ण वेगाची चिप हाताशी असती, तर ही मेहनत बहुधा कुणी घेतलीच नसती.

जानेवारी 2025 मध्ये डीपसीकचं पुढचं मॉडेल आर1 आलं आणि 27 तारखेला एनव्हिडियाचं बाजारमूल्य एका दिवसात जवळपास 589 अब्ज डॉलरनी घसरलं. तेव्हापासून ‘56 लाख डॉलरमध्ये बनवलं’ हे वाक्य सगळीकडे फिरतंय. तो आकडा व्ही3च्या फक्त शेवटच्या प्रशिक्षणाचा आहे. आधीचे प्रयोग आणि संशोधन त्यात धरलेलं नाही, असं त्यांच्याच अहवालात लिहिलंय. डीपसीकमागच्या हाय-फ्लायर या गुंतवणूक कंपनीकडे एनव्हिडियाच्याच सुमारे 10,000 ए100 चिपांचं केंद्रही होतं, बंदीआधीपासूनचं. आणि आपली अडचण पैशांची नाही, चिप मिळत नाहीत ही आहे, असं संस्थापक लियांग वनफंग यांनी स्वतः सांगितलंय. म्हणजे बंदीचा चटका बसलाच.

चीनची खरी कोंडी चिप बनवणाऱ्या यंत्रांपाशी आहे. सर्वांत प्रगत चिप छापायला लागणारी ईयूव्ही यंत्रं (अतिसूक्ष्म प्रकाशलहरींनी चिपवर नक्षी उमटवणारी) जगात फक्त नेदरलँड्सची एएसएमएल बनवते आणि ती चीनला मिळत नाहीत. हुआवेई या चिनी कंपनीच्या चिप त्यामुळे चीनमध्ये जुन्या पिढीच्या यंत्रांवर निघतात.

अमेरिकेचं धोरण मात्र धरसोडीचं राहिलं. एनव्हिडियाची चीनसाठीचीच एच20 ही चिप एप्रिल 2025 मध्ये अडवली, जुलैत पुन्हा मोकळी करायचं ठरवलं. त्याच वर्षी जानेवारीत बायडेन सरकारने जगाचे तीन गट पाडून भारताला दुसऱ्या गटात टाकलं होतं, म्हणजे चिप मिळणार, पण मोजून. मे महिन्यात ट्रम्प सरकारने तो नियमच रद्द केला. पाच महिन्यांत आपण यादीत आलोही आणि सुटलोही, आणि दोन्ही वेळा निर्णय वॉशिंग्टनचा होता. याची मला मनापासून काळजी वाटते.

आपण हे आधी भोगलंय. ऐंशीच्या दशकात हवा तो क्रे महासंगणक अमेरिकेने दिला नाही. मग 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक तयार झाला. त्याचा अभिमान आहेच, पण त्याच्या आतले प्रोसेसर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे होते. मार्च 2024 मध्ये मंजूर झालेल्या 10,372 कोटींच्या इंडियाएआय मिशन या केंद्र सरकारच्या योजनेतले जीपीयूही बहुतेक परदेशीच आहेत.

चिप कारखाने उभे राहायला वर्षं लागतील. तोवर सरकार जीपीयू भाड्याने देण्यात जेवढा पैसा घालतंय, त्यातला ठळक वाटा डीपसीकने त्या 20 विभागांबाबत केलं तसं खोलातलं काम करू शकणारी माणसं घडवण्यावर खर्च व्हावा. परममध्येही चिप बाहेरच्या होत्या. त्या जोडून एकत्र चालवण्याची विद्या मात्र इथल्या माणसांनी कमावली होती.